डोळा कोणत्या बरणीतून आला? नेत्र-ऊती आणि फिक्सेटिव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्याच्या पॅथॉलॉजीत नव्यानं आलेले निवासी डॉक्टर, ब्लॉक (पॅराफिन मेणात बसवलेली ऊती) आणि सेक्शन (तिचे पातळ काप) करणारे तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातून डोळा बरणीत घालून पाठवणाऱ्या सिस्टर, प्राण्यांवर औषधांच्या चाचण्या करणारे संशोधक, सगळे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं लिहिताना माझा एकच आग्रह आहे. स्लाइड पाहून आजाराचं नाव घेण्याआधी तो डोळा कशात बुडवला होता, म्हणजे ऊती टिकवणारं रसायन (फिक्सेटिव्ह) कोणतं होतं, ते विचारा. अर्ध्या चुका तिथेच टळतात.

फिक्स करणं म्हणजे ऊती टिकवणंच ना?

टिकवणं आहेच, पण टिकवताना ऊती बदलते. शरीरापासून वेगळी झालेली ऊती स्वतःच्याच विकरांनी विरघळायला लागते. ते थांबवण्यासाठी आपण प्रथिनं जागच्या जागी गोठवतो, आणि हे प्रत्येक रसायन आपापल्या पद्धतीनं करतं. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं. अल्कोहोल पाणी ओढून घेतं, प्रथिनं साकळतात आणि ऊती आक्रसते. ॲसेटिक आम्लानं केंद्रकं ठसठशीत उमटतात, पण कोलॅजन फुगतं. पिक्रिक आम्ल प्रथिनांना धरून बसतं आणि सगळं पिवळं करून टाकतं.

फॉर्मॅलिनचा (पाण्यात विरघळवलेल्या फॉर्माल्डिहाइडचा) हा गुण फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ साली जगासमोर आणला. जंतुनाशक म्हणून ते वापरून पाहत असताना स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

यकृत, मूत्रपिंड, कातडी, सगळं फॉर्मॅलिनमध्ये जातं. डोळ्याचीच एवढी काळजी का?

डोळा म्हणजे एका बंद गोळ्यात ठेवलेल्या परस्परविरोधी वस्तू. माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा. बाहेर स्क्लेराचं चिवट कवच. आत व्हिट्रियस हा जेलीसारखा भाग, त्यात ९८–९९ टक्के पाणी. मधे लेन्स, तिचा सुमारे एक तृतीयांश भाग नुसती प्रथिनं, इतकी दाट की फिक्सेटिव्ह आत शिरायला कंटाळतं. आणि रेटिना, म्हणजे दृष्टिपटल, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची, मृत्यूनंतर फार लवकर बिघडणारी.

एकच द्रव या सगळ्यांत शिरतो, पण वेगवेगळ्या वेगानं, आणि प्रत्येक भाग वेगवेगळ्या प्रमाणात आकसतो. एक थर ओढला जातो, दुसरा जागेवर राहतो. स्लाइडवर दिसणाऱ्या बहुतेक घड्या, फटी आणि पोकळ्या या ओढाताणीतून येतात. पुढे अल्कोहोलच्या पायऱ्या आणि गरम पॅराफिन त्यात आणखी भर घालतात.

रेटिना सुटलेली दिसते. रुग्णाला खरंच रेटिनल डिटॅचमेंट होती की हा फिक्सेटिव्हचा प्रताप?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर चुकलं तर सर्वांत महाग पडणाराही हाच.

रेटिना आणि तिच्या मागचा रंगद्रव्यपेशींचा थर, म्हणजे आरपीई, यांच्यात पेशींचे पक्के सांधे नसतात. गर्भात हे दोन्ही थर एका दुहेरी पेल्याच्या दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधली फट जन्मभर नावापुरती उरते. जिवंतपणी आरपीई त्या फटीतून पाणी सतत उपसत असते, मधलं चिकट द्रव्यही दोघांना धरून ठेवतं. मृत्यूनंतर किंवा डोळा काढल्यानंतर उपसा थांबतो. मग फॉर्मॅलिनमध्ये रेटिना आणि व्हिट्रियस आकसले की रेटिना अलगद सुटते. ओरा सेराटा (रेटिनाची पुढची कड) आणि ऑप्टिक डिस्क (ऑप्टिक नर्व्ह डोळ्यातून निघते ती जागा) या दोन ठिकाणी ती पक्की बांधलेली असते, त्यामुळे मधला भाग तंबूसारखा उचलला जातो.

आता खरं-खोटं कसं ओळखायचं? मी आधी फटीत काय आहे ते पाहते. फट रिकामी, पांढरी असेल तर संशय फिक्सेटिव्हवर. गुलाबी, प्रथिनयुक्त द्रव साचलेला असेल तर आजाराकडे कल. मग आरपीईकडे वळते. खऱ्या डिटॅचमेंटमध्ये या पेशी सपाट राहत नाहीत. त्या उंच होतात, ओळीनं उभ्या केलेल्या थडग्यांच्या दगडांसारख्या दिसतात. शेवटी फोटोरिसेप्टरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, टोकं. कृत्रिम सुटण्यात ती शाबूत असतात, आणि बऱ्याचदा आरपीईच्या रंगद्रव्याचे कण त्या टोकांना चिकटून आलेले दिसतात, भिंतीवरून कागद ओढताना थोडा चुना बरोबर यावा तसे. खऱ्या, जुन्या डिटॅचमेंटमध्ये ही टोकं झिजलेली असतात आणि रेटिनाच्या आत पोकळ्या पडू लागतात.

एक सावधगिरी. डिटॅचमेंट एखाद-दोन दिवसांची ताजी असेल तर यातल्या बऱ्याच खुणा अजून तयारच झालेल्या नसतात. अशा वेळी स्लाइडला वेठीला धरू नका. डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करा, बी-स्कॅन सोनोग्राफीत काय होतं ते विचारा.

बाळाच्या डोळ्यात ओरा सेराटापाशी रेटिनाची आत वळलेली घडी दिसली. दोष समजायचा का?

नाही. तिला लांगेची घडी म्हणतात. लहान बाळांच्या फिक्स केलेल्या डोळ्यांत ती वारंवार दिसते, जिवंत बाळाच्या डोळ्यात नसते. अहवालात लिहायचीच असेल तर ‘कृत्रिम’ हा शब्द सोबत लिहा.

डेव्हिडसन द्रावणात रेटिना चिकटलेली राहते असं ऐकलं. ते कसं?

खरं आहे, विशेषतः उंदीर, घूस आणि सशांच्या डोळ्यांत. डेव्हिडसनचं प्रचलित प्रमाण असं : ९५ टक्के अल्कोहोल ३३० मिलिलिटर, बाजारात मिळणारं मूळ फॉर्मॅलिन २२०, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ११५ आणि पाणी ३३५. एकूण एक लिटर.

यातली खुबी समतोलात आहे. अल्कोहोल भरभर आत शिरतं आणि ऊती आक्रसवतं. ॲसेटिक आम्ल फुगवतं. दोघं एकमेकांची बाजू सावरतात, आणि तोवर फॉर्मॅलिन पूल बांधून घेतं. थर एकमेकांपासून ओढले जाण्याआधीच एकत्र गोठतात. उंदराचा डोळा जेमतेम ३ मिलिमीटरचा आणि त्याची बहुतेक जागा लेन्सनंच व्यापलेली. साध्या फॉर्मॅलिनमध्ये या डोळ्याची रेटिना सुटून चुरगळलेली मिळण्याची सवय असलेल्या माणसाला डेव्हिडसनमधला पहिला सेक्शन पाहून हायसं वाटतं. दहाही थर एकावर एक नीट, केंद्रकं स्वच्छ.

पण याची किंमत आहे. द्रावणात टाकल्यावर थोड्याच वेळात कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि लेन्स दुधी, अपारदर्शक होतात. नवखे संशोधक घाबरतात, औषधानं मोतीबिंदू झाला असं वहीत लिहूनही टाकतात. मोतीबिंदूची नोंद प्राणी जिवंत असतानाच, स्लिट लॅम्पखाली झाली पाहिजे. दुसरं, आम्लानं तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रक्तस्रावाचा अंदाज चुकतो. तिसरं, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे (अँटिबॉडी वापरून ऊतीतली ठरावीक प्रथिनं शोधण्याच्या पद्धतीचे) काही अँटिबॉडी नीट बसत नाहीत. छोट्या डोळ्यांना साधारण एक दिवस पुरतो. त्यानंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. आठवडाभर तिथेच विसरलात तर लेन्स खडा होते.

‘सुधारित डेव्हिडसन’ या नावानं वेगळी प्रमाणंही वापरात आहेत. कुठलं वापरलं ते नोंदवल्याशिवाय दोन प्रयोगांतल्या रेटिनाच्या जाडीची तुलना करू नये.

जुन्या संग्रहातल्या स्लाइड बुआँ किंवा झेंकरमधल्या आहेत. त्या वाचताना काय ध्यानात ठेवावं?

बुआँ १८९७ सालचं. संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ भाग, फॉर्मॅलिन २५, ॲसेटिक आम्ल ५. रेटिनाचा तपशील देखणा, ट्रायक्रोमचे रंग झळाळतात. पिवळेपणा पूर्ण धुतला गेला नसेल तर मात्र रंग बिघडतात. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक बनतं. शेल्फवरच्या जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर झाकण फिरवायचा प्रयत्नही करू नका, सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा.

झेंकरमध्ये मर्क्युरिक क्लोराइड आणि पोटॅशियम डायक्रोमेट असतं. एके काळी नेत्र-पॅथॉलॉजीत याचा मोठा मान होता, कारण डोळा कडक होतो, गोल राहतो, रेटिना सुटत नाही. सेक्शनभर विखुरलेले काळे कण दिसले तर तो पारा आहे. रंगवण्याआधी आयोडीन आणि मग सोडियम थायोसल्फेटनं तो काढायचा असतो, कुणीतरी ती पायरी गाळली. आज नव्या कामासाठी झेंकर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पारा नाल्यात गेला की परत येत नाही, आणि पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराशी भारतही बांधील आहे.

मग माणसाच्या डोळ्यासाठी अजूनही साधं फॉर्मॅलिनच का वापरता? रेटिना सुटते हे माहीत असूनही?

कारण माणसाच्या डोळ्यात आम्ही फक्त रेटिनाचे थर मोजत नाही.

डोळा उघडण्याआधी त्याच्या मागे प्रकाश धरून गाठीची सावली शोधायची असते, कापल्यावर नुसत्या डोळ्यांनी आतलं पाहायचं असतं. फॉर्मॅलिनमध्ये माध्यमं त्यातल्या त्यात पारदर्शक राहतात. कापण्याआधी डोळा पाण्यात धुऊन ६०–७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला तर मूळचे रंगही थोडे परत येतात. अँटिबॉडी चाचण्या, जनुकीय चाचण्या बहुतांशी फॉर्मॅलिनमधल्या ऊतींवरच बसवलेल्या असतात.

आणि रेटिनोब्लास्टोमा. लहान मुलांच्या या कर्करोगात गाठीतला कॅल्शियम ही महत्त्वाची खूण असते. डेव्हिडसन आणि बुआँ दोन्ही आम्लधर्मी, त्यांत कॅल्शियम विरघळतो. बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये तो जागेवर राहतो. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन घरच्या घरी करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी प्रमाण : मूळ फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर, पाणी ९००, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड चारएक टक्के असतं. धुराडं असलेल्या टेबलावरच करा. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

रेटिनोब्लास्टोमाच्या डोळ्यात गाठीच्या पेशी कोरॉइडमध्ये, म्हणजे रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, दिसल्या. लगेच ‘पसरला’ लिहायचं?

थांबा. ही गाठ ठिसूळ असते. डोळा नीट फिक्स न होता कापला तर सुरीबरोबर पेशी ओढल्या जातात आणि कोरॉइडमध्ये, स्क्लेरावर, अगदी ऑप्टिक नर्व्हच्या कडेलाही जाऊन पडतात. अशा सांडलेल्या पेशी सुट्या, विस्कळीत, बऱ्याचदा मेलेल्या असतात आणि मोकळ्या जागेत पडलेल्या दिसतात. खऱ्या शिरकावात पेशी घट्ट पुंजक्यानं कोरॉइडला बाजूला ढकलून वाढतात. असा पुंजका ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर त्याला मोठा शिरकाव मानतात, आणि मुलाला पुढे केमोथेरपी द्यायची की नाही हे त्यावर अवलंबून असतं.

म्हणून ऑप्टिक नर्व्हचं टोक डोळा उघडण्याआधी, स्वच्छ ब्लेडनं वेगळं करून वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवायचं. एकदा असाच एका बाळाचा डोळा आमच्याकडे आला होता. बरणीचं तोंड अरुंद होतं, म्हणून पाठवणाऱ्यांनी तो आत सरकवण्यासाठी दाबला होता. गोळा पिचला होता, गाठ सगळीकडे सांडली होती. मी त्या स्लाइड तीन दिवस पुन्हा पुन्हा पाहिल्या. आई-वडील बाहेर बाकावर बसले होते आणि मला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीची किंमत किती असते?

कॉर्नियाच्या स्ट्रोमात (मधल्या जाड थरात) आडव्या फटी दिसतात. सूज आहे का?

उलट आहे. नेहमीच्या प्रक्रियेत निरोगी कॉर्नियाचे थर थोडे सुटतात आणि त्या आडव्या फटी पडतात. कॉर्नियाला सूज आली की पाण्यानं थर फुगून एकमेकांना भिडतात आणि फटी नाहीशा होतात. म्हणजे फटी दिसणं ठीक, न दिसणं संशयास्पद. शिकताना मला हे पटायलाच वेळ लागला होता, आणि आता स्लाइड हातात घेतली की मी कॉर्नियात आधी याच फटी शोधते.

लेन्सचे तुकडे होतात, मधे भेगा पडतात. हा मोतीबिंदू का?

भेगा स्वच्छ, रिकाम्या, टोकदार कडांच्या असतील तर ती कडक लेन्स आणि मायक्रोटोमची पाती यांची झटापट आहे. मोतीबिंदूत तंतूंच्या जागी गुलाबी गोल थेंब दिसतात, त्यांना मोर्गान्यी गोलक म्हणतात. मागच्या कॅप्सूलपाशी केंद्रक असलेल्या फुगीर पेशी सरकलेल्या दिसतात. ब्लॉकचा पृष्ठभाग थोडा वेळ बर्फाच्या पाण्यावर ठेवून सेक्शन घेतला तर तुटणं कमी होतं.

कोरॉइडमध्ये काळपट तपकिरी कण आहेत. मेलॅनिन की आणखी काही?

कोरॉइड रक्तानंही भरलेला आणि रंगद्रव्यानंही, म्हणून इथे घोटाळा होतो. जुनं, बफर नसलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं. पीएच ६ च्या खाली गेला की हिमोग्लोबिनपासून फॉर्मॅलिन पिगमेंट तयार होतं. ध्रुवित प्रकाशात ते चमकतं, मेलॅनिन चमकत नाही. अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक आम्लानं ते निघून जातं. मेलॅनिन घालवायला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल लागतं. फॉर्मॅलिन पिगमेंट रक्तातून आलेलं असूनही लोहाच्या पर्ल्स चाचणीत निळं होत नाही.

फॉर्मॅलिनमध्ये घालूच नयेत असे डोळ्याचे नमुने कोणते?

सिस्टिनोसिसचा (ऊतींत सिस्टिन साचण्याच्या आजाराचा) संशय असलेली कंजंक्टायव्हाची (बुबुळाभोवतीच्या पातळ आवरणाची) बायोप्सी निव्वळ अल्कोहोलमध्ये पाठवा, कारण सिस्टिनचे स्फटिक पाण्यात विरघळतात आणि पाणीदार फॉर्मॅलिनमध्ये पुरावाच वाहून जातो. पेम्फिगॉइडसाठी (स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे होणाऱ्या आजारासाठी) इम्युनोफ्लुओरेसन्स, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडींची चाचणी, हवी असेल तर मिशेल माध्यम. बुरशी किंवा अकँथअमिबाचं कल्चर हवं असेल तर तो तुकडा फिक्सेटिव्हच्या आसपासही जाऊ देऊ नका.

चरबीचं वेगळं. पापणीच्या सिबेशियस कार्सिनोमात तेलाचे थेंब दाखवायचे असतील तर फॉर्मॅलिन चालतं, पण पुढचं अल्कोहोल आणि झायलीन ते विरघळवतात. म्हणून पॅराफिनमध्ये जाण्याआधीच एक तुकडा फ्रोझन सेक्शन आणि ऑइल रेड ओ साठी राखून ठेवायला सांगा. रेटिनाच्या शस्त्रक्रियेत भरलेलं सिलिकॉन ऑइलही असंच निघून जातं आणि मागे गोल रिकाम्या पोकळ्या उरतात.

आणि कंजंक्टायव्हाचा पातळ तुकडा बरणीत तसाच टाकला तर गुंडाळी होते. फिल्टर पेपरवर सपाट पसरा, मिनिटभर चिकटू द्या, मग कागदासकट फॉर्मॅलिनमध्ये सोडा.

फॉर्मॅलिन लवकर आत शिरावं म्हणून डोळ्याला खिडकी कापावी का?

नको. फॉर्मॅलिन स्क्लेरातून आत जातं, वेळ द्या. कापलेल्या डोळ्यातून व्हिट्रियस बाहेर येतो, गोळा बसतो, रेटिना ओढली जाते. माणसाच्या डोळ्याचं आकारमान सुमारे ६.५ मिलिलिटर. त्याच्या वीसपट धरलं तर १३० मिलिलिटर, म्हणजे दीडशे मिलिलिटर फॉर्मॅलिन आणि २४ ते ४८ तास. बोटानं हलकं दाबल्यावर डोळा घट्ट लागला पाहिजे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी?

ग्लुटाराल्डिहाइड, नंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड. पण ग्लुटाराल्डिहाइड फार सावकाश शिरतं, म्हणून अख्खा डोळा त्यात टाकण्यात अर्थ नाही. मिलिमीटरभराचे तुकडे हवेत. या ऊतींवर पीएएस (शर्करायुक्त घटक गुलाबी दाखवणारं रंजन) करणार असाल तर सांभाळा, उरलेले अल्डिहाइड गट खोटा गुलाबी रंग देतात.

नेत्रदानाचे डोळे फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे का?

कधीही नाही. रोपणासाठी कॉर्नियाच्या पेशी जिवंत हव्यात. नेत्रपेढीचे लोक तो ओलसर, थंड डब्यात ४ अंशांना किंवा खास माध्यमात नेतात.

हे सगळं डोळ्याला सवय होईल असं कसं शिकावं?

खाटकाकडून बोकडाचे तीन ताजे डोळे आणा. नेत्रशल्यचिकित्सेचे विद्यार्थी टाक्यांचा सराव यांच्यावरच करतात. एक लगेच बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, एक लगेच डेव्हिडसनमध्ये. तिसरा रात्रभर खोलीत तसाच राहू द्या आणि सकाळी फॉर्मॅलिनमध्ये घाला. बरण्यांवर पेन्सिलीनं वेळ लिहा, शाईचं लेबल अल्कोहोलनं पुसतं.

पहिल्या दोन तासांत डेव्हिडसनमधला कॉर्निया दुधी होताना दिसेल. ४८ तासांनी तिन्ही डोळे बाहुली आणि ऑप्टिक नर्व्ह यांच्या रेषेत कापा. मागच्या बाजूला टॅपेटमचा (रेटिनामागच्या प्रकाश परतवणाऱ्या थराचा) निळा-हिरवा पट्टा चमकेल, माणसात तो नसतो. सेक्शन रंगवून झाले की तिन्ही स्लाइड शेजारी ठेवा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर वहीत चित्र काढून लिहा : कोणत्या डोळ्यात रेटिना कुठे सुटली आहे, आणि सुटलेल्या टोकांवर रंगद्रव्याचे कण आहेत का? हे तिन्ही डोळे निरोगी बोकडांचे होते हे वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवा.